शाळेच्या भिंतीवरचे ज्ञान तपासता आले पाहिजे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळी सुटी लागली, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांत रंगाचे डबे उघडतात. माजी विद्यार्थी वर्गणी काढतात, एसडीएमसीची (शाळा विकास व देखरेख समितीची) मंडळी ग्रामपंचायतीत खेटे घालतात आणि शाळा पुन्हा भरते तेव्हा भिंती 'बोलक्या' झालेल्या असतात. त्यात गावाच्या घामाचा पैसा असतो. एकदा लागलेला रंग पुढे कित्येक वर्षे कोणी बदलतही नाही. चुकीचे लिहिले गेले तर मुलांच्या अनेक तुकड्या तेच वाचून बाहेर पडतात. म्हणून कामे ठरण्याआधी, मार्चमध्येच हे पत्र लिहीत आहोत.

सध्या भिंतीवर काय असते? फाटकाजवळ वीणा घेतलेली सरस्वती, तेवणारी समई, किरणे फाकलेले उघडे पुस्तक, एखादे सुवचन. हे ज्ञानाचे पूजन झाले. ते एका भिंतीवर जरूर असावे, त्याला आमचा काडीचाही विरोध नाही. पण उरलेल्या भिंतींवर मुलाला स्वतः पडताळून पाहता येईल असे काही हवे. मोजता येईल, चालून बघता येईल, सावलीशी ताडता येईल, असे. आमचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते करणे अवघड नाही.

आपल्याच भागातल्या जुन्या कारागिरांना हे नेमके कळत होते. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, पाहा. तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. अक्षरओळख नसलेला माणूसही तो खालून वर वाचू शकतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथले जैन मंदिर, १२०४ सालची. तिथले दगडी कमळ छताला आहे, कारण पाहणारा त्याच्या खाली उभा राहून मान वर करणार हे धरूनच ते घडवले आहे. वाचणारा कुठे उभा राहील आणि त्याची नजर कुठून कुठे जाईल, हे आधी ठरवायचे आणि मग छिन्नीला हात घालायचा, अशी ही रीत. आपण मात्र परांची बांधलेली असते म्हणून सात-आठ फुटांवर बाराखडी लिहितो. पहिलीतले मूल साधारण ११० ते ११५ सेंमी उंच असते आणि त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम एक मीटरवर असतात. त्याने वाचायचा मजकूर अडीच ते साडेचार फुटांच्या पट्ट्यातच हवा. वरची जागा दुरून पाहायच्या मोठ्या चित्रांसाठी ठेवावी.

आता प्रत्यक्ष मजकुराकडे येऊ. सूर्यमाला नसलेली शाळा शोधून सापडणार नाही. कोपऱ्यात हसरा सूर्य आणि पुढे एका ओळीत जवळजवळ सारख्याच मापाचे ग्रह, ताटात मांडलेल्या लाडवांसारखे. काही ठिकाणी प्लूटो अजून नववा आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने २००६ सालीच त्याला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रहांत घातले. पण प्लूटोपेक्षा मोठी चूक मापाची आहे. या चित्रावरून मुलाची समजूत होते, की पृथ्वी सूर्याच्या शेजारी आहे आणि आकारानेही त्याच्या जवळपास आहे.

याला उपाय आहे, आणि त्याला खर्च कमी लागतो. भिंतीवर फक्त सूर्य काढावा, १०९ सेंमी व्यासाचा. दोरी-खिळ्याने वर्तुळ काढू नये, दोरी ताणली जाते आणि वर्तुळ मिटताना टोके जुळत नाहीत. लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा आणि त्यापासून बरोबर ५४.५ सेंमीवर पेन्सिलीसाठी भोक पाडले की काम अचूक होते. या मापाने पृथ्वी १ सेंमीची होते, म्हणजे टपोऱ्या वाटाण्याएवढी, आणि ती सूर्यापासून ११७ मीटरवर येते. चंद्र पावणेतीन मिलिमीटरचा, मोहरीपेक्षा थोडा मोठा, पृथ्वीपासून ३० सेंमीवर. बुध ४५ मीटरवर, शुक्र ८५ मीटरवर, मंगळ १७९ मीटरवर. गुरू ११ सेंमीचा, पण ६११ मीटर दूर, म्हणजे बहुतेक गावांत तो वेशीपलीकडेच जातो. शनी साडेनऊ सेंमीचा, सव्वा किलोमीटरच्या थोडा अलीकडे, ११२५ मीटरवर. युरेनस सव्वादोन किलोमीटरवर आणि नेपच्यून साडेतीन किलोमीटरवर, म्हणजे शेजारच्या गावात. दोन गावांच्या शाळांनी मिळून हे काम केले तर एकाच्या भिंतीवर सूर्य आणि दुसऱ्याच्या फाटकावर नेपच्यून येईल.

अंतर मोजायला तीस मीटरची टेप पुरते. लांबच्या ग्रहांसाठी सायकलच्या चाकाला चिंधी बांधून फेरे मोजावेत. चाकाचा घेर मात्र आधी स्वतः मोजून घ्यावा, कारण टायर आणि हवा यांनुसार तो बदलतो. रस्ता वळणाचा असला तरी चालेल, ग्रह आकाशात तरी कुठे एका रेषेत उभे असतात? ग्रह दगडावर किंवा लोखंडी खांबावर ऑइल पेंटने रंगवावेत. शेतकऱ्याच्या बांधावर दगड ठेवायचा तर आधी त्याला विचारावे. एकदा त्याला पटले की दगडाची राखण तोच करतो.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट पुढे आहे. पृथ्वीच्या दगडापाशी उभे राहून शाळेकडे पाहिले, की भिंतीवरचा सूर्य आकाशातल्या सूर्याएवढाच दिसतो. सूर्याकडे थेट पाहायचे नाही हे मुलांना बजावून सांगावेच. ताडून पाहायला पौर्णिमेचा चंद्र घ्यावा, तोही साधारण तेवढाच दिसतो. हात लांब करून करंगळीचे टोक चंद्रावर धरायचे आणि मग तेच टोक भिंतीवरच्या सूर्यावर. दोन्ही झाकले जातात. माप बरोबर आहे की नाही, हे मुलाला गुरुजींच्या शब्दावर मानावे लागत नाही.

नकाशाचे दुखणे वेगळे आहे. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते, त्यामुळे कितीतरी मुलांना उत्तर म्हणजे आभाळाची बाजू वाटते. निदान एक नकाशा व्हरांड्याच्या किंवा अंगणाच्या कोब्यावर, खऱ्या उत्तरेकडे उत्तर करून काढावा. मोबाईलमधल्या होकायंत्रावर विसंबू नये, जवळ लोखंडी सळया असल्या की तो भरकटतो. नकाशा नजरेच्या अंदाजाने मोठा करू नये. मूळ नकाशावर १ सेंमीचे चौकोन, जमिनीवर १० सेंमीचे, आणि एकेक चौकोन पाहून रेघ. चौकोनांच्या रेघा लाइनदोरी गेरूत बुडवून फटका मारून उठवाव्यात, नंतर पुसता येतात. नजरेने काढलेल्या नकाशात अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हमखास राहून जातात.

आणखी एक, न बदलणारे रंगात आणि बदलणारे खडूत. राज्ये २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८, हा आकडा २६ जानेवारी २०२० पासूनचा आहे, तरी २९ आणि ७ लिहिलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. बळ्ळारीतून विजयनगर वेगळा होऊन कर्नाटकातले जिल्हे ३१ झाले, भिंतीवर ३० आहेत. सीमेपलीकडे उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. मंत्र्यांची नावे, लोकसंख्या, जिल्ह्यांची संख्या यांना ऑइल पेंट लावणे म्हणजे उद्याची चूक आज पक्की करणे. नद्या मात्र खुशाल रंगवाव्यात. आपल्या मुलांसाठी भारताच्या नकाशाइतकाच महत्त्वाचा नकाशा आहे खानापूर तालुक्याच्या पाणलोटाचा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेकडे वळून कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. म्हादई याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते आणि गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो, ही गोष्ट भिंतीवर यायला हवी. डोंगराची धार गेरूच्या रंगात आणि तिच्या दोन बाजूंच्या नद्या निळ्याच्या दोन छटांत काढल्या, तर शब्द फार लागत नाहीत.

शरीराच्या चित्रांबद्दल थोडक्यात. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. हे तिथे लिहिलेच पाहिजे. हृदय छातीच्या मध्यभागी, डावीकडे किंचित कललेले असते, खांद्याखाली नसते. उजव्या फुप्फुसाचे भाग तीन आणि डाव्याचे दोन. निळ्या रंगाने दाखवलेल्या शिरांतले रक्तही लालच असते, निळा रंग फक्त ओळखण्यापुरता, हीसुद्धा एक ओळ हवी.

अक्षरांबाबत दोष पेंटरचा नसतो. त्याला मोबाईलवर घाईत मजकूर पाठवला जातो आणि तो आला तसा उतरवतो. मग 'विद्या'चे 'विध्या' होते, 'सूर्य' ऱ्हस्व होतो, 'दक्षिण' दीर्घ होते. मजकूर शिक्षकांनी कागदावर पूर्ण मापात लिहून द्यावा, दुसऱ्या कोणीतरी तो तपासून खाली सही करावी. त्या कागदाचाच खाका करता येतो. अक्षरांच्या कडेने सुईने भोके पाडायची, कागद भिंतीवर चिकटवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून हलकेच आपटत न्यायची. भिंतीवर ठिपके उमटतात, ते जोडले की अक्षर. यात चूक शिरायला वाव नाही आणि पेंटरचा वेळही वाचतो. 'ल' आणि 'श' यांचे वळण पाठ्यपुस्तकातलेच ठेवावे. संगणकाच्या काही फाँटांत ती अक्षरे हिंदी वळणाची येतात आणि पहिलीतले मूल गोंधळते. दहा फुटांवरून वाचायच्या मजकुरात अक्षराचे अंग, म्हणजे शिरोरेघेपासून पायापर्यंतची उंची, मात्रा-वेलांट्या सोडून, किमान एक इंच हवी. नुकत्याच वाचू लागलेल्यांसाठी तीन इंच. गिरवायच्या अक्षरांवर सुरुवातीचा ठिपका आणि बाण काढावेत, नाहीतर मूल 'क' शेपटीकडून काढायला शिकते.

एवढे सगळे केले आणि भिंत ओली असली तर सारे पाण्यात. खानापूर भागातल्या कित्येक जुन्या शाळा जांभ्याच्या आहेत, आणि जांभा पाणी पितो. नैर्ऋत्येचा पाऊस दक्षिण-पश्चिम भिंतींना झोडपतो. अशा भिंतीवर ऑइल पेंट म्हणजे प्लास्टिकचा कागदच. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, रंगाला फोड येतात आणि पहिल्या दिवाळीपर्यंत नकाशाचे पोपडे होतात. रंगाआधी एक परीक्षा करावी. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर चिकटवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. आतल्या बाजूला थेंब असतील तर तिथे चित्र नको. आधी पागोळ्यांचे पाणी, फुटका पन्हळ, पायाशी साचणारे पाणी याचा बंदोबस्त करावा. लोणा लागलेला गिलावा खरवडून काढावा, त्याच्यावर पुट्टी चोपडून काही साधत नाही, क्षार पुन्हा बाहेर येतातच. नवा गिलावा असेल तर निदान महिनाभर थांबावे. जुन्या चुन्यावर हात फिरवून पाहावा. तळवा पांढरा झाला तर पत्र्याने आणि तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन, वाळवून मगच प्रायमर. त्यावर बाहेरच्या भिंतींसाठीचे इमल्शन. खरखरीत भिंतीला दोन हात द्यायचे तर एका लिटरमध्ये पन्नास-साठ चौरस फूट होतात, त्याहून जास्त कोणी सांगितले तर तो रंगात पाणी घालणार आहे असे समजावे. जमिनीलगतचा दीड-दोन फुटांचा पट्टा गडद एकरंगी ठेवावा, पावसाचे शिंतोडे आणि मुलांचे पाय तिथेच लागतात. भडक गुलाबी आणि स्वस्त लाल उन्हात आधी उडतात. गेरूचा लाल, मातकट पिवळा आणि काळा टिकतात. म्हणून नावे आणि सीमारेषा याच रंगांत असाव्यात.

खडूने लिहायच्या जागेसाठी साधा काळा ऑइल पेंट वापरू नये. तो चकाकतो, खडू घसरतो आणि बाजूला बसलेल्या मुलाला नुसता उजेड दिसतो. फळ्याचाच मंद काळा रंग घ्यावा, दोन हात, मध्ये एक दिवसाचे अंतर. पूर्ण वाळल्यावर खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करावा आणि कोरड्या फडक्याने पुसून मगच पहिले अक्षर लिहावे, नाहीतर पहिला मजकूर कायमचा पुसट दिसत राहतो. जागा पागोळीच्या आत, शक्यतो उत्तरेच्या भिंतीवर.

शेवटची मागणी सावलीच्या रेघेची. बेळगावचा अक्षांश १५.८५ अंश. इथे एक मीटर उंचीच्या उभ्या सळईची मध्यान्हीची सावली २२ डिसेंबरला उत्तरेकडे ८२ सेंमी पडते, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी २८ सेंमी, मे महिन्याच्या पहिल्या आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका दिवशी शून्य, आणि २१ जूनला चक्क दक्षिणेकडे १३ सेंमी. निपाणी-अथणीकडे उत्तरेकडचे आकडे सेंमी-दोन सेंमीने वाढतात. ही खूणरेघ पटांगणात आखली की ऋतू, अक्षांश, दिशा हे सारे मुलांच्या पायाखाली येते. कोबा अगदी सपाट हवा, पाणी वाहून जायला दिलेला उतारही सावलीचे माप बिघडवतो, म्हणून पाणसळ लावून पाहावी. सळई ओळंब्यात उभी हवी. सावलीचे टोक धूसर पडते, ते नेमके दिसावे म्हणून सळईच्या माथ्यावर पाच मिलिमीटरचे भोक पाडलेली पत्र्याची चकती आडवी बसवावी. भोक जमिनीपासून बरोबर १०० सेंमीवर यावे, आणि भोकाच्या खाली ओळंबा टेकेल तो शून्य बिंदू. सावलीत उमटलेला उजेडाचा ठिपका मोजायचा. मात्र एक मीटर ही पहिलीतल्या मुलाच्या डोळ्यांची उंची आहे. म्हणून सळई कायमची पुरू नये. कोब्यात लोखंडी पाइपची खोबण बसवावी, सळई फक्त मोजण्यापुरती उभी करावी, चकतीच्या कडा मुडपून घ्याव्यात.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आणि बेळगाव ७४.५ अंशांवर. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने ३२ मिनिटे आपण मागे आहोत. त्यात पृथ्वीच्या लंबगोल कक्षेमुळे आणि तिच्या अक्षाच्या कलण्यामुळे वर्षभर फरक पडत राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपली मध्यान्ह १२:१६ च्या सुमारास होते, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४६ ला. परगावाहून तयार आणलेले सूर्यघड्याळ इथे चुकते ते यामुळेच. त्याची तबकडी त्या गावाच्या अक्षांशाची असते आणि हा मिनिटांचा फरक कोणी तिच्यावर लिहिलेला नसतो.

रेघ आखायला सर्वांत सोपा दिवस याच महिन्यात आहे. विषुवदिनाला सावलीचे टोक दिवसभर सरळ रेघेत सरकते. सकाळी नऊपासून दर अर्ध्या तासाला खडूची खूण करत गेले, की संध्याकाळी पूर्व-पश्चिम रेघ आपोआप तयार होते आणि तिला शून्य बिंदूतून काटकोन टाकला की उत्तर मिळते. मग जमिनीवरचा नकाशाही त्याच उत्तरेवर बसवता येतो. लागते ती एक सळई, ओळंबा, टेप, खडू आणि पाळीपाळीने खुणा करणारी चार मुले. सुटी लागायला अजून अवकाश आहे. २१ मार्चला शाळा भरलेली नसेल तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी केले तरी चालते. त्या दिवशी मध्यान्हीची खूण १२ वाजून ३९ मिनिटांनी करायची, २८ सेंमीवर.

आपले,
सीमाभागातील काही चित्रकला शिक्षक व भिंतीफलक रंगवणारे कलाकार
बेळगाव–खानापूर